करंजाला थांबलेली गाडी

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे आठवायला वेळ लागतो. पण त्या एका रविवारचा विषय निघाला की आजही मला खुर्चीत बसवत नाही. उठतो, गॅलरीत जातो, परत येतो. बायको विचारते, "आता काय झालं?" मी म्हणतो, "काही नाही."

तेव्हा मी पनवेल भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. रविवारी सकाळी ठाण्यात आदल्या दिवशीच्या भांडणांतली दोन्हीकडची माणसं बसलेली असतात, महामार्गावरच्या अपघाताचे कागद चाललेले असतात. अलीकडे त्यात सहलीला येणाऱ्यांची भर पडली होती. माथेरानच्या पायथ्याला, धरणांच्या मागच्या माळांवर गाड्या घेऊन येतात, तंबू ठोकतात. कुणाची गाडी चिखलात रुतते, कुणी पाण्यात उतरतो. त्यामुळे पायात ट्रेकिंगचे बूट घातलेला, चिखलाने भरलेला एक माणूस दारात दिसला तेव्हा मला वाटलं, गाडी ओढायला क्रेन हवी असेल.

चाळिशीच्या आतला, चांगला उंचापुरा. उलव्याच्या एका नव्या टॉवरमध्ये राहणारा. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"सर, माझी फॅमिली किडनॅप झालीय," तो म्हणाला. "आणि गाडी कुठे आहे ते मला माहीत आहे."

नोकरीत अपहरणाच्या तक्रारी पुष्कळ घेतल्या. गाडीचा पत्ता हातात घेऊन आलेला हा पहिलाच.

त्याने फोन माझ्यासमोर धरला. गाडीत यंत्र बसवलं होतं, ते गाडी कुठे आहे ते फोनवर दाखवायचं. निळा ठिपका उरणच्या पुढे, करंजाच्या किनाऱ्यावर थांबलेला होता. त्याची हकीगत अशी: शनिवारी तो, बायको आणि सहा वर्षांची मुलगी धरणामागच्या एका माळावर कॅम्पिंगला आले. जवळच आदिवासी वाडी. गाडीच्या टपावर तंबू होता, त्यात मायलेकी झोपल्या. तो खाली दुसऱ्या तंबूत. उजाडल्यावर बाहेर आला तर गाडी नाही, बायको नाही, मुलगी नाही. तिथे फोनला रेंज नव्हती. चालत गावापर्यंत आला, तेव्हा ठिपका दिसला.

"टपावर तंबू असताना गाडी हलली कशी?" मी विचारलं.

"तंबू मिटवून नेलीय, सर. म्हणजे त्यांना खाली उतरवलं असणार. धमकी देऊन. वाडीतली दोन माणसं काल आमच्याकडे सारखी बघत होती."

मूल अल्पवयीन असलं की थांबता येत नाही. गुन्हा दाखल करायला घेतला, उरणच्या सहकाऱ्यांना गाडीचा नंबर कळवला, बीटच्या अंमलदारांना वाडीवर पाठवलं. तेवढ्यात एका वजनदार माणसाचा फोन आला. फिर्यादी त्यांच्या ओळखीतला निघाला. "वाडीवरच्यांना जरा पोलिसी खाक्या दाखवा, लगेच बोलतील," असा सल्ला मिळाला. मी "बघतो" म्हणून फोन ठेवला.

बेपत्ता व्यक्तीची माहिती भरून घेताना ठरलेले प्रश्न असतात. मी स्वतः बसलो.

"मिसेसच्या अंगावर काय कपडे होते?"

तो थांबला. "टी-शर्ट. नाही, कुर्ता असेल."

"रंग?"

"लाइट कलर. आय थिंक."

"मुलीच्या अंगावर?"

"सर, हे इतकं महत्त्वाचं आहे का? मी तुम्हाला लोकेशन देतोय!"

ज्याचं माणूस हरवतं तो वर्णन सांगताना अडत नाही. आई मुलाच्या शर्टाचं कुठलं बटण तुटलं होतं तेही सांगते. नवरा बायकोच्या चपलेचा पट्टा सांगतो. मी कागदावरून मान वर केली. तो फोनमध्ये काहीतरी काढत होता.

"मागच्या मंगळवारी ती कुठे होती, विचारा. सांगतो," तो म्हणाला आणि मी न विचारताच सांगू लागला. दुपारी शिवणाच्या क्लासला, तिथून भाजी मार्केट, तिथून घर. बुधवारी क्लास, बँक, घर. नकाशावर बायकोच्या फोनच्या मागाच्या बारीक रेघा होत्या, तो बोटाने त्या पुढे सरकवत होता. त्याला वाटत होतं तो पुरावा देतोय.

"हे मिसेसना माहीत आहे?"

"ऑफ कोर्स. सेफ्टीसाठी आहे."

मग मी त्याला सहलींबद्दल बोलतं केलं. माणूस आवडत्या विषयावर आला की सैल होतो, हे चौकशीचं साधं तंत्र आहे. तो खुलला. कुठल्याही सहलीआधी फोनमध्ये पूर्ण नकाशा उतरवून घ्यायचा, म्हणजे रेंज गेली तरी अडत नाही. पाणी कुठे, सपाट जागा कुठे, पेट्रोल पंप कुठे, रेंज कुठे जाते, सगळ्याच्या वेगवेगळ्या रंगांच्या खुणा. महाराष्ट्रभर त्याच्या खुणा पसरल्या होत्या.

"या खुणा तुम्ही टाकता?"

"मी सांगतो, ती टाकते. मी ड्राइव्ह करतो, नेव्हिगेशन तिच्याकडे. तिला गाडी येत नाही ना."

"कालची जागा कुणी निवडली?"

"तिनेच. म्हणाली, रेंज नाही तिथे, शांत वाटेल."

एवढ्यात अंमलदार वाडीवरची ती दोन माणसं घेऊन आले. दोघं वीटभट्टीवर कामाला जाणारे. भिंतीला चिकटून उभे राहिले. बसा म्हटलं तर खाली फरशीवर बसले. त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं.

"सायेब, आमी लाकडं आनाया गेल्तो," त्यातला मोठा म्हणाला. "उजाडता उजाडता गाडी आमच्या म्होरून गेली. बाई चालवत होती. पोरगी मागं निजली होती."

"आणि आणखी कोण होतं गाडीत?"

"कोनी नाय."

फिर्यादी ताडकन उठला. "खोटं बोलतोय हा! सांगितलं ना, तिला गाडी येत नाही. स्टिअरिंग कधी हातात धरलेलं नाही तिने."

तो माणूस खाली बघत राहिला. कुणाचं खरं, हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं. नवऱ्याचा आवाज अगदी खात्रीचा होता. आणि तो खोटं बोलत नव्हता, हे नंतर कळलं.

मग उरणहून फोन आला. गाडी मिळाली. धक्क्याजवळ, मासळी वाळत घालतात त्या मोकळ्या जागेच्या कडेला उभी. लॉक केलेली. आत कुणी नाही.

समुद्राच्या कडेला रिकामी गाडी म्हटल्यावर पोलिसाच्या मनात पहिला विचार कुठला येतो, ते लिहायला नको. मी फिर्यादीकडून दुसरी किल्ली घेतली, त्याला ठाण्यात थांबायला सांगितलं आणि एका महिला हवालदाराला बरोबर घेऊन निघालो. वाटेत कंटेनरच्या रांगा, उलव्याकडून येणारे डंपर. जीप इंचाइंचाने सरकत होती. मी दोनदा चालकावर ओरडलो. त्याचा काही दोष नव्हता. खाडी दिसली की माझी नजर पाण्यावर जायची आणि मी ती ओढून रस्त्यावर आणायचो.

करंजाला मासळीचा लिलाव आटोपला होता. बांबूंवर बोंबील टांगलेले, खाली प्लास्टिकवर बारीक कोलंबीसारखा जवळा पसरलेला. मधेच ती टपावर तंबूवाली गाडी. पंच बोलावले, फोटो घेतले, दार उघडलं. मागे स्टोव्ह, भांडी, पाण्याचे कॅन सगळं जागच्या जागी. समोरच्या स्टँडमध्ये बाईंचा फोन, चालू स्थितीत. नवऱ्याचे मिस्ड कॉल येऊन पडलेले. झटापटीची एकही खूण नाही.

आमच्या हवालदार बाई अंगाने लहानखुऱ्या. त्या चालकाच्या दारातून आत वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"साहेब, सीट बघा."

सीट पुढे ओढलेली होती, अगदी स्टिअरिंगजवळ. आरसाही खाली झुकवलेला. तो उंचापुरा नवरा त्या जागेत बसला असता तर त्याचे गुडघे हनुवटीला लागले असते.

"एवढी पुढे मलासुद्धा लागते," बाई म्हणाल्या. "आणि कुणाला पळवून नेणारा माणूस सीट सरकवत, आरसा लावत बसेल का?"

मी ठाण्यात फोन लावला, ठाणे अंमलदाराला फिर्यादीकडून बायकोची उंची विचारून घ्यायला सांगितली. बेताचीच होती. मग म्हणालो, "वाडीवरच्या दोघांना चहा पाजा आणि आपल्या गाडीने घरी सोडा. फिर्यादीला बसवून ठेवा."

जवळच एक कोळीण वाळत घातलेला जवळा वरखाली करत होती. आम्हाला बघून काम थांबवलं नाही.

"गाडीवाली बाय ना? ती लाँचला गेली. संगती बारकी पोर हाय. मना इचारलान, लाँच कवा सुटते."

"कशी होती? रडत वगैरे?"

"रडत नाय. घाईत होती. पोरीला खायाला दे म्हनून मी बोलले, तर हसली."

मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

करंजाहून लाँच पलीकडे रेवसला जाते. गाडी त्यात चढत नाही. म्हणजे बाईंनी नवऱ्याचा ठिपका इथे किनाऱ्यावर उभा करून ठेवला होता आणि स्वतः पाण्यापलीकडे गेल्या होत्या. पुढच्या लाँचने आम्हीही निघालो. रेवसला उतरल्यावर फार शोधावं लागलं नाही. बंदरावरच्या एका रिक्षावाल्याला मायलेकी आठवत होत्या. त्यानेच आम्हाला अलिबागच्या वाटेवरच्या एका गावात, नारळांच्या आगरातल्या घरापाशी सोडलं. बाईंच्या शाळेतल्या मैत्रिणीचं घर.

दार बाईंनीच उघडलं. माझ्या गणवेशाकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे.

"ते आलेत का बरोबर?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. मी आणि हवालदार बाई, दोघंच आहोत."

त्या ओटीवरच बसल्या. हवालदार बाईंनी जबाब लिहायला घेतला. मी थोडा बाजूला बसलो. अशा वेळी पुरुष अधिकाऱ्याने समोर न बसलेलं बरं असतं.

"मारतात का?" हवालदार बाईंनी विचारलं.

"नाही. कधीच नाही." मग त्या पुढे म्हणाल्या, "प्रत्येक सहलीत फोन हातात धरून मी रस्ता सांगायचे. पुढे डावीकडे, पुढे उजवीकडे. डुलकी लागून चालायची नाही. एकदा माझ्याकडून वळण चुकलं. त्यांनी घाटात गाडी थांबवली, मला आणि मुलीला उतरवलं आणि निघून गेले. तिथे दुकान नाही, घर नाही. ऊन उतरायला लागलं तरी आले नाहीत. मला वाटलं, आता येतच नाहीत. मग आले. आणि खरं सांगते, गाडी दिसली तेव्हा मला जास्त वाईट वाटलं."

हवालदार बाईंचं पेन थांबलं. "मग?"

"मग गाडी शिकायचं ठरवलं. क्लासच्या बाईंकडे फोन ठेवायचे आणि तेवढ्या वेळात ड्रायव्हिंग स्कूलला जायचे. फोन शिवण शिकत असायचा." त्या किंचित हसल्या. "रेंज नसलेल्या जागा मला पाठ होत्या. मीच खुणा टाकल्या होत्या ना. हे झोपले की लवकर उठत नाहीत. हिला कडेवर घेतलं, तंबू मिटवला, हँडब्रेक काढून उतारावरून गाडी आधी इंजिन न लावता तशीच सोडली."

"आणि करंजा का?"

"गाडी जिथे जाईल तिथे ते येणार. मग जिथे गाडीच जात नाही तिथे जायचं."

जबाब अर्ध्यावर आला असताना माझा फोन वाजला. ठाणे अंमलदार होता.

"साहेब, तो फिर्यादी इतका वेळ बाकावर बसून फोनच बघत होता. एकाएकी उठला. मित्र गाडी घेऊन आला होता, त्याच्याबरोबर निघून गेला. मी अडवलं, पण ऐकेना."

तो फिर्यादी होता, आरोपी नव्हता. त्याला कोंडून ठेवायला आमच्याकडे काही कारण नव्हतं.

"कुठे गेला? काही बोलला?"

"दारावरच्या शिपायाला म्हणाला, मुलगी ऑनलाइन आली."

मी आत बघितलं. मुलगी मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून घावणे खात होती. तिच्या मनगटावर गुलाबी रंगाचं जाडसर घड्याळ होतं. मुलांसाठी मिळतं तसं, मूल कुठे आहे ते आईबापांच्या फोनवर दाखवणारं. बाईंना वाटत होतं ते तंबूत राहिलं. पोरीने ते फ्रॉकच्या खिशात ठेवलं होतं आणि जाग आल्यावर हातात घालून चालू केलं होतं.

बाई उठल्या, घड्याळ काढायला गेल्या. मुलीने हात पाठीमागे नेला.

"नको ना आई. घड्याळ काढलं की आपण हरवतो. बाबांनी सांगितलंय."

मग बाई भराभर पिशवी भरायला लागल्या. "मी निघते."

"कुठे जाणार?" मी विचारलं.

"माहीत नाही. इथून तर निघते."

"आता पळू नका. तुम्ही सज्ञान आहात, मूल तुमच्याजवळ आहे, तुम्ही कुठलाही गुन्हा केलेला नाही. पळालात तर तेच तुमच्या विरुद्ध सांगितलं जाईल. जबाब पुरा करा, सही करा. तो येईल तेव्हा मी इथे असेन."

बोललो खरा, पण माझंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. स्थानिक पोलिसांना मदतीला बोलावलं. पनवेलहून पेण, वडखळ करत रस्त्याने यायला त्याला वेळ लागणार होता, पण तो वेळ संपता संपत नव्हता. हवालदार बाई दर थोड्या वेळाने फाटकापर्यंत जाऊन यायच्या. मैत्रिणीने मागचं दार लावलं, मग उघडलं, पुन्हा लावलं. रस्त्यावरून मोटरसायकल गेली तरी सगळ्यांच्या माना वळायच्या. मुलीचं तेवढं नीट चाललं होतं. तिने आणखी एक घावण मागितलं.

जबाबावर सही झाली आणि ऊन कलता कलता तो आला. स्थानिक ठाण्याचे दोन कर्मचारी तोवर पोचले होते. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट सुटल्यासारखा दिसत होता.

"थँक यू, सर," मला म्हणाला. "मिळाल्या ना. चल बेटा, गाडीत बस."

आणि मुलगी "बाबा!" म्हणत धावत गेली. त्याने तिला उचलून घेतलं. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले.

तो क्षण मला अवघड गेला. बापाच्या कडेवरून मूल ओढून घेता येत नाही, आणि त्याने गाडीकडे दोन पावलं टाकली असती तर मला काहीतरी करावं लागलंच असतं. बाई ओटीवरून खाली अंगणात आल्या.

"तिला खाली ठेवा."

"घरी जाऊन बोलू."

"मी घरी येणार नाही."

त्याने विचारलं ते वेगळंच. "गाडी कुणी आणली?"

"मी."

"तुला येत नाही."

"येते."

"कुणी शिकवली? कधी? तुझा एकेक तास मला माहीत आहे!"

मुलगीच त्याच्या कडेवरून म्हणाली, "बाबा, आई मस्त चालवते. मला झोपच लागली."

त्याने मुलीकडे बघितलं. मग तिला हळूच खाली ठेवलं. ती आईकडे गेली नाही आणि बापालाही बिलगली नाही, मधेच उभी राहिली. मी पुढे झालो.

"तुमची फिर्याद होती की दोघींना कुणी पळवलं. कुणी पळवलेलं नाही. त्या सुखरूप आहेत, स्वतःच्या मर्जीने इथे आहेत, तसा जबाब झालाय. तुम्हाला मुलीबद्दल काही म्हणायचं असेल तर कोर्ट आहे. आज इथून तुम्ही एकटे जाणार आहात."

"आणि उद्या या इथून दुसरीकडे गेल्या तर? मला कळणार कसं कुठे आहेत ते?"

"विचारायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर कळणार नाही."

माझ्या उत्तराने त्याला जो धक्का बसला, तो मी त्यानंतर खुनाच्या आरोपीच्या चेहऱ्यावरही फारसा बघितला नाही. तो अंगणातल्या दगडावर बसला आणि रडायला लागला. खरं रडणं होतं ते. नाटक करणारे मी खूप बघितलेत, हा त्यातला नव्हता. बाई तशाच उभ्या राहिल्या. जवळ गेल्या नाहीत.

पुढे जे व्हायचं ते रीतसर झालं. मुलगी आईसोबत मिळाल्याचा अहवाल आम्ही कोर्टात पाठवला. बाईंनी कौटुंबिक छळाचा अर्ज केला, संरक्षणाचा आदेश मिळाला. बापाला मुलीला भेटायची परवानगी मिळाली, तीही बरोबर होती. वजनदार माणसाने वरिष्ठांकडे माझी तक्रार केली, "पोलिसांनी संसार मोडला" म्हणून. मी लेखी खुलासा दिला. वाडीवरच्या त्या दोघांकडे मी स्वतः गेलो आणि तुमच्यावर काही नाही, असं सगळ्यांसमोर सांगून आलो. संशयित म्हणून पोलिसांनी नेलेला माणूस परत आला तरी गावात त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. ती नजर काढायची असेल तर तिथे जावंच लागतं.

त्या पोरीचं मात्र काय झालं असेल, हा विचार मला अजून सोडत नाही. आई आणि बाप यांच्या मधे अंगणात उभी राहिलेली ती दिसते आणि मी खुर्चीतून उठतो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. माणूस कुठे आहे हे कळणं म्हणजे माणूस कळणं नव्हे, हे मला त्या नवऱ्याकडे बघून समजलं. पण खरी शिकवण माझ्या स्वतःच्या कामाबद्दल होती. आम्हा पोलिसांना सवय असते, हरवलेलं माणूस सापडलं की लगेच घरी फोन लावायचा. छाती फुगवून सांगायचं, "मिळाले हो." सापडलेल्या माणसाला त्यात काही म्हणायचं असेल, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक पद्धत पाळली. सज्ञान माणूस मिळून आलं, मग ती सून असो, शिकायला आलेली मुलगी असो की घर सोडून निघालेला म्हातारा, आधी त्याला चहा द्यायचा. मग समोर बसून विचारायचं, "तुम्ही सुखरूप आहात, हे कुणाला सांगू?" हाताखालच्या लोकांना सुरुवातीला हे वेळखाऊ वाटायचं. बरीचशी माणसं तो प्रश्न ऐकून आधी रडायची. मग डोळे पुसून एक नाव सांगायची, आणि पुष्कळदा ते नाव तक्रार द्यायला आलेल्या माणसाचं नसायचं.